इलेक्ट्रोमॅग्नेटिक क्लच: 'टक' आवाजाच्या आत काय घडतं आणि तो हाताळायचा कसा

झेरॉक्सच्या दुकानात लाईनीत उभे असाल तर जरा कान देऊन ऐका. बटण दाबल्यावर मशीनची घरघर सुरू होते आणि कागद आत ओढला जायच्या क्षणभर आधी एक बारीक 'टक' ऐकू येतो. बऱ्याच मशीनमध्ये तो आवाज आतल्या डबीएवढ्या इलेक्ट्रोमॅग्नेटिक क्लचचा असतो. मोटर आधीपासून फिरतच असते, कागद उचलणारा रोलर मात्र थांबलेला असतो. टक झालं की दोघांची गाठ पडते, कागद सुटला की गाठ सुटते. दुकानदार म्हणतो "मशीन कागद घेईना", तेव्हा कधीकधी दोष या डबीतच सापडतो.

कारखान्यात हीच डबी ताटलीएवढी होते, कधी परातीएवढी. आयटीआय करून नवीन आलेल्या पोरांना मोटर, स्टार्टर, सेन्सर यांची ओळख असते. क्लचपाशी घोडं अडतं, कारण हे प्रकरण अर्धं इलेक्ट्रिकल आणि अर्धं मेकॅनिकल. इलेक्ट्रिशियन म्हणतो कॉईल ठीक आहे, फिटर म्हणतो माझ्याकडून सगळं टाईट आहे, आणि मशीन उभंच. मग ठरलेलं वाक्य येतं: "साहेब, क्लच गेला." मी पॅकिंग मशीनच्या मेंटेनन्समध्ये आहे आणि हे वाक्य ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो, गॅप किती आहे? बहुतेकदा समोरच्याने फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पानांचं हत्यार) हातात घेतलेलंच नसतं.

आत काय असतं

तीनच मुख्य भाग. पहिला कॉईल: लोखंडी वाटीत बसवलेली तांब्याच्या तारेची गुंडाळी, वरून रेझिन ओतून बंद केलेली. बहुतेक क्लचमध्ये ती फिरत नाही, मशीनच्या अंगाला धरून उभी राहते. दुसरा रोटर: तो शाफ्टवर चावीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी पट्टीने) बसतो आणि शाफ्टबरोबर फिरतो. तिसरी आर्मेचर प्लेट: साध्या लोखंडाची चकती, पातळ पातीच्या स्प्रिंगने समोरच्या पुलीला किंवा हबला जोडलेली. रोटर आणि आर्मेचर यांच्यात बारीकशी फट असते, तीच गॅप. छोट्या-मध्यम क्लचमध्ये ती साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटर असते, म्हणजे पोस्टकार्ड जेमतेम सरकेल इतकी.

करंट दिला की कॉईलभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते वाटीतून रोटरमध्ये, रोटरमधून गॅप ओलांडून आर्मेचरमध्ये आणि परत असं वर्तुळ पूर्ण करतं. चुंबकीय क्षेत्राला हवेतून जाणं जड जातं, त्यामुळे ते फट मिटवायला बघतं. आर्मेचर पातीची स्प्रिंग वाकवून रोटरवर येऊन आदळते (हाच टक), घर्षणाने दोघं एकत्र फिरायला लागतात. करंट तोडला की स्प्रिंग आर्मेचरला मागे खेचते.

जुना रोटर हातात आला तर फेकण्याआधी त्याच्या तोंडाकडे नीट बघा. त्यावर केळ्याच्या आकाराच्या वाकड्या खाचा असतात. मला सुरुवातीला वाटायचं, त्या थंडाव्यासाठी असाव्यात. तसं नाही. खाचा नसत्या तर चुंबकीय क्षेत्र रोटरच्या लोखंडातूनच आडवाटेने परत गेलं असतं आणि आर्मेचरपर्यंत पोचलंच नसतं. खाच मध्ये आली की त्याला वळसा पडतो: आर्मेचरमध्ये उडी, मग परत रोटरमध्ये. काही क्लचमध्ये अशा खाचांच्या दोन रांगा करून त्याला एकाच फेरीत जास्त वेळा गॅप ओलांडायला लावतात, म्हणजे तेवढ्याच करंटमध्ये पकड वाढते. त्या खाचांत लोखंडाचा कीस आणि लायनिंगची (तोंडावरच्या घर्षणाच्या थराची) भुकटी घट्ट भरली की पकड उतरते, ते याचमुळे.

जोर किती? गॅप मिटल्यावर क्षेत्र १ टेस्ला असेल तर दर चौरस सेंटीमीटरला साधारण ४ किलो वजनाइतकी ओढ तयार होते. आणि ही ओढ धरून ठेवायला लागते ती वीज घरातल्या एलईडी बल्बएवढी. १५ वॅटची २४ व्होल्टची कॉईल जेमतेम ०.६ अँपिअर खाते.

मोटरच का नाही बंद-चालू करायची?

नवीन माणसाचा हा प्रश्न रास्त आहे. साधी इंडक्शन मोटर थेट चालू केली तर सुरुवातीला नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. मिनिटाला तीस वेळा असं केलं तर वाइंडिंगचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. मोटर फिरती ठेवायची आणि पुढचा भाग हवा तेव्हा जोडायचा-तोडायचा, हा क्लचचा धंदा. फिरत्या मोटरचं आणि फ्लायव्हीलचं जडत्व हाताशी असतं, त्यामुळे उचल झटक्यात मिळते. शेजारी तसाच ब्रेक बसवला की थांबणंही झटक्यात होतं. क्लच आणि ब्रेक एकाच अंगात असतील तर त्याला क्लच-ब्रेक युनिट म्हणतात.

इचलकरंजीत शटललेस लूम (धोट्याशिवाय चालणारे माग) बघा. तिथल्या रेपिअर लूमची मुख्य मोटर फ्लायव्हील घेऊन फिरत असते. आडवा धागा तुटला की सेन्सर सांगतो, क्लच सुटतो, ब्रेक लागतो आणि लूम एका फेऱ्याच्या आत उभा राहतो. तिथे ब्रेक ढिला पडला तर मशीन बंद पडत नाही, पण कापडावर पट्टा उमटतो आणि व्यापारी तो ठाण बाजूला काढतो. अगदी नव्या लूमवर थेट ड्राईव्ह आलाय, क्लच गेलाय.

हे प्रामाणिकपणे सांगायला हवं: व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राईव्ह) आणि सर्व्हो (हवं तिथे नेमकी थांबणारी मोटर) स्वस्त झाल्यापासून नव्या मशीनवर क्लचची बरीच जागा त्यांनी घेतली आहे. नवं मशीन डिझाइन करत असाल तर आधी त्यांचा विचार करा. पण चालू कारखान्यांत क्लचवर चालणारी मशीनं भरपूर आहेत आणि ती सांभाळणारे हात कमी होत चाललेत.

भावंडं

वर सांगितला तो सिंगल प्लेट, सुका क्लच. याचे भाऊबंद बरेच. मशीन टूलच्या गिअरबॉक्समध्ये मल्टी-डिस्क क्लच असतो: पातळ चकत्यांची चळत, बहुधा तेलात. जागा कमी आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जास्त. दात्यांचा क्लच अजिबात घसरत नाही, पण तो थांबलेल्या किंवा अगदी मंद स्थितीतच जोडायचा. फिरत्यात जोडलात तर दाते झडतात.

पावडर क्लचवर थोडं थांबू, कारण पॅकिंग आणि छपाईवाल्यांच्या रोजच्या कामातला तो आहे. १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये जेकब राबिनोव यांनी ही कल्पना उभी केली. दोन फिरत्या भागांच्या मधल्या पोकळीत बारीक लोहचुंबकीय भुकटी भरलेली असते. करंट दिला की भुकटीच्या साखळ्या बनतात आणि त्या दोघांना बांधतात. करंट जितका, टॉर्क साधारण त्या प्रमाणात, आणि घसरण्याचा वेग काहीही असो, टॉर्क फारसा बदलत नाही. त्यामुळे फिल्मचा किंवा कागदाचा ताण सांभाळायला हा फार कामाचा. स्लिटर मशीनवर फिल्मचा रोल जिथून उलगडतो तिथे पावडर ब्रेक आणि जिथे गुंडाळला जातो तिथे पावडर क्लच, ही जोडी सर्रास दिसते. रोल लहान होत जाईल तसा करंट बदलायचा. नवा पावडर क्लच बसवल्यावर मात्र लगेच पूर्ण करंट देऊ नका. वाहतुकीत भुकटी एका कोपऱ्यात जमलेली असते, मंद वेगात थोडा करंट देत-काढत ती आधी सगळीकडे पसरू द्यावी लागते.

एडी करंट क्लचमध्ये काही घासतच नाही. फिरत्या धातूत भोवरा-प्रवाह तयार होतात आणि त्यांच्या ओढीने पुढचा भाग फिरतो. थोडी घसरण असेल तरच ओढ मिळते, म्हणून पुढचा शाफ्ट मोटरपेक्षा नेहमी जरा मागेच. साखर कारखान्यात ऊस आत नेणाऱ्या केन कॅरिअरचा वेग कमी-जास्त करायला हे ड्राईव्ह वर्षानुवर्षं चालले, पुढे व्हीएफडी आले. हिस्टेरिसिस प्रकार बारीक तारा गुंडाळणाऱ्या आणि छोट्या मोटर तपासणाऱ्या मशीनवर भेटतो.

आणि गाडीचा एसी. कॉम्प्रेसरची पुली इंजिनबरोबर कायम फिरते, १२ व्होल्टचा क्लच टक करतो तेव्हाच कॉम्प्रेसर फिरतो. आता बऱ्याच गाड्यांत क्लच नसलेले कॉम्प्रेसर येतात.

एक गोष्ट इथेच पक्की करून घ्या. या क्लचची पकड विजेवर आहे. वीज गेली की पकड गेली. म्हणून टांगलेला बोजा धरून ठेवायला तो कधीही वापरायचा नाही. लिफ्ट आणि होइस्टला याच्या उलटा ब्रेक असतो: स्प्रिंग ब्रेक लावून ठेवते आणि वीज तो सोडवते. दोन्ही दिसायला सारखे, कॅटलॉगमध्येही शेजारी-शेजारी. ऑर्डर देताना ही चूक झाली तर ती अंगावर येते, शब्दशः.

साईझ ठरवताना

बदली क्लच घेताना जुन्याच्या नेमप्लेटवरचा टॉर्क आणि व्होल्टेज बघून मोकळे होऊ नका, आधीच्या माणसाने चुकीचा बसवलेला असू शकतो. हिशेब सोपा आहे: ९५५० ला किलोवॅटने गुणा आणि आरपीएमने भागा, उत्तर न्यूटन-मीटरमध्ये येतं. १.५ किलोवॅटची मोटर १४४० आरपीएमवर असेल तर साधारण १० न्यूटन-मीटर. धक्के, सुरुवातीची उचल, लायनिंगची झीज हे धरून मी दुप्पट घेतो, म्हणजे २० चा क्लच. तोच क्लच वेग दहापट कमी करणाऱ्या गिअरबॉक्सनंतर बसवायचा म्हटलं तर १०० चा हिशेब दुप्पट होऊन २०० चा लागेल. म्हणून क्लच शक्यतो वेगवान शाफ्टवर ठेवतात, लहान आणि स्वस्त पडतो.

पण वेगवान शाफ्टची दुसरी बाजू म्हणजे उष्णता, आणि नवखे इथेच फसतात. ३० सेंटीमीटर व्यासाची, ८ मिलिमीटर जाड लोखंडी चकती घ्या, साडेचार किलोची. ती शून्यावरून १४४० आरपीएमला न्यायला साधारण ५७० ज्यूल ऊर्जा लागते, आणि घसरत-घसरत पकडताना तेवढीच ऊर्जा क्लचच्या तोंडावर उष्णता होऊन बसते. मिनिटाला ३० वेळा केलं तर २८५ वॅट. म्हणजे २५ वॅटच्या अकरा सोल्डरिंग आयर्न त्या ताटलीएवढ्या जागेत सतत लावून ठेवल्यासारखं. टॉर्कमध्ये पास झालेला क्लच उष्णतेत नापास होऊ शकतो. मिनिटाला किती वेळा जोडायचा आहे हे सप्लायरला सांगितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

बसवताना

आधी मेन स्विच बंद, कुलूप, कुलपाची चावी खिशात. क्लचची २४ व्होल्टची वायर काढली म्हणजे मशीन सुरक्षित झालं असं नसतं, मोटर फिरतच असू शकते.

शाफ्ट पुसा, कडा-बर फाईलने मारा. रोटर हातोडीने ठोकून बसवायचा नाही. बसतच नसेल तर चावी किंवा शाफ्टचं माप तपासा. ठोकलेल्या रोटरचं तोंड वाकडं होतं आणि मग गॅप एका बाजूला ०.३, दुसऱ्या बाजूला ०.६ भरते. डायल गेज लावून हाताने एक फेरा फिरवा. तोंडाची थरथर ०.१ मिलिमीटरच्या आत हवी, कॅटलॉग त्याहून कडक म्हणत असेल तर कॅटलॉगचं ऐका.

कॉईलच्या वाटीला बऱ्याच क्लचमध्ये एक पत्र्याचा कान असतो, त्यात खाच. कॉईल आतून बेअरिंगवर बसलेली असते आणि रोटरबरोबर गोल फिरू नये एवढ्याचसाठी तो कान अडकवायचा असतो. नवा फिटर काय करतो? बोल्ट टाकून पक्का आवळतो. मग शाफ्टची जी बारीक थरथर असते ती सगळी बेअरिंगवर येते आणि ते काही आठवड्यांत ओरडायला लागतं. कान खाचेत सैल राहिला पाहिजे. बोटाने हलवून बघा, थोडा खुळखुळला तर बरोबर.

गॅप शिमने (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) लावतात. फिलर गेज तीन ठिकाणी घाला, १२० अंशांच्या अंतराने, कारण एकाच ठिकाणी घातलेलं गेज खोटं बोलतं. ग्रब स्क्रू आवळल्यावर पुन्हा मोजा, आवळताना हब सरकतो.

आणि हात. ग्रीसचे हात लायनिंगला लावायचे नाहीत. शेजारच्या बेअरिंगला ग्रीस मारताना चार पंप जास्त मारणारे लोक क्लचचे खरे वैरी. तोंड पुसायला स्वच्छ फडकं आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुरतं. लायनिंगने तेल पिऊन घेतलं असेल तर पुसून काही होत नाही, भाग बदला.

वायरिंग

कॉईल डीसीची असते. तिला ट्रान्सफॉर्मरचे २४ व्होल्ट एसी थेट दिले तर ती गुणगुणते, पकडत नाही. नुसत्या कॉईलला प्लस-मायनसचा फरक पडत नाही, पण आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर पडतो.

डायोड कशाला? करंट तोडला की कॉईलमध्ये साठलेली ऊर्जा बाहेर पडायला बघते आणि शेकडो व्होल्टचा झटका देते. रिलेचे पॉइंट जळतात, पीएलसीचं (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं) आऊटपुट उडतं. कॉईलला उलटा डायोड लावला (पट्टीची बाजू प्लसला) की तो झटका आतल्या आत फिरून विरतो. ४००७ नंबरचा डायोड छोट्या क्लचला पुरतो. उलटा जोडलात तर सरळ शॉर्ट, फ्यूज उडून चूक लगेच कळते.

पण डायोडची किंमत मोजावी लागते. ऊर्जा हळू विरते म्हणून क्लच उशिरा सुटतो. झेरॉक्सला किंवा कन्व्हेअरला चालून जातं. मिनिटाला चाळीस पाऊच कापणाऱ्या मशीनला चालत नाही. तिथे व्हॅरिस्टर किंवा डायोडच्या जोडीला झेनर (दोन्ही ठरावीक व्होल्टेजच्या वर गेलं की करंटला वाट देणारे भाग) लावतात. थोडा मोठा झटका सहन करायचा, बदल्यात सुटका जलद. तसंच रिले डीसी बाजूला ठेवा. रेक्टिफायरच्या (एसीचा डीसी करणाऱ्या भागाच्या) मागे, एसी बाजूला तोडलंत तर रेक्टिफायर स्वतःच डायोडचं काम करतो आणि क्लच रेंगाळतो. डीसी तोडताना ठिणगी जास्त, म्हणून रिलेचं डीसी रेटिंग बघूनच घ्या. पीएलसीच्या ट्रान्झिस्टर आऊटपुटची मर्यादा बरेचदा ०.५ अँपिअर असते आणि आपली १५ वॅटची कॉईल ०.६ खाते, तेव्हा मध्ये रिले हवाच.

बसवून झाल्यावर लगेच पूर्ण लोड नको. नव्या तोंडाचे उंचवटे जुळलेले नसतात, पकड पूर्ण मिळत नाही. हलक्या लोडवर, कमी वेगात काही डझन वेळा जोड-तोड करा, तोंडावर एकसारखी चकाकी आली की झालं.

एक दुपार

एका कारखान्यात वेफर्सचं पाऊच मशीन होतं. फिल्म ओढणारे रोलर क्लच-ब्रेकवर. कॅमचा स्विच क्लच लावतो, फिल्म खाली सरकते, छापलेला मार्क फोटोसेलसमोर आला की क्लच सुटून ब्रेक लागतो, मग जबडा येऊन सील करतो आणि कापतो. तक्रार अशी की सकाळी सगळं छान, दुपारी एकनंतर कट मार्कच्या अलीकडे पडतो. ब्रँडचं नाव अर्धं कापलेलं, पिशवीभर पाऊच रिजेक्ट. मी पोचायच्या आधी फोटोसेल बदलून झाला होता, नंतर कॉईलही नवी टाकली होती. दोन दिवस चाललं, पुन्हा तेच.

ऑपरेटर जुना माणूस. म्हणाला, "साहेब, सकाळी टक कडक येतो. आता ऐका, पिचका वाटतो."

मशीन थांबवलं. बंद करून लगेच कॉईलचे ओहम मोजले: ४८. सकाळी थंड असताना त्याच कॉईलचे ३८ लिहून ठेवलेले होते. यात बिघाड नव्हता. तांबं दर अंशाला साधारण ०.४ टक्के रेझिस्टन्स वाढवतं, कॉईल साठ-पासष्ट अंशांनी तापली की एवढा फरक पडतोच. ३८ ओहमला करंट ०.६३ अँपिअर, ४८ ला ०.५०. ओढ करंटच्या वर्गावर चालते, म्हणजे दुपारी ती सकाळच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी.

तरी एवढ्याने क्लच हरायला नको, चांगल्या क्लचमध्ये तेवढी शिल्लक असते. फिलर गेज घातलं. ०.३ चं हवं तिथे ०.९ चं पान सहज गेलं. लायनिंग झिजत गेलं, फट वाढत गेली. सुरुवातीची ओढ गॅपच्याही वर्गावर चालते, पण उलटी: फट तिप्पट, ओढ साधारण एक-नवमांश. सकाळी थंड कॉईल कशीबशी आर्मेचर ओढून घ्यायची, दुपारी तीच उशिरा ओढायची. क्लच उशिरा लागला की फिल्म उशिरा निघायची आणि मार्क फोटोसेलपाशी पोचायच्या आतच जबडा येऊन बसायचा. म्हणून कट अलीकडे.

हबच्या मागचे शिम काढले, ०.३ वर आणलं, तीन ठिकाणी मोजलं. लायनिंग अजून बरं होतं. पाऊण तासाचं काम. नव्या कॉईलचं आणि फोटोसेलचं बिल मात्र आधीच लागलेलं.

तक्रार आली की कुठून सुरू करायचं

क्लच अजिबात पकडत नसेल तर आधी कॉईलच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा, पॅनलमध्ये नाही आणि वायर काढूनही नाही. वायर जोडलेली, करंट चालू, तेव्हा किती आहे ते खरं. पॅनलमध्ये २४ आणि कॉईलवर १९ असेल तर दोष सैल टर्मिनलचा, पातळ वायरचा किंवा दमलेल्या एसएमपीएसचा (२४ व्होल्ट देणाऱ्या पॉवर सप्लायचा) आहे. व्होल्टेज बरोबर असेल तर वायर काढून ओहम बघा. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट एवढे यायला हवेत, म्हणजे २४ व्होल्ट, १५ वॅटला साधारण ३८. अनंत दाखवलं तर कॉईल तुटली, फारच कमी दाखवलं तर आत शॉर्ट. दोन्ही बरोबर असेल तर गॅप. कॉईल आणि अंग यांच्यात मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारायचा असेल तर पीएलसी, डायोड सगळं आधी सोडवा, मेगरचे ५०० व्होल्ट त्यांना मानवत नाहीत.

पकडतो पण घसरतो: तेल, झिजलेलं लायनिंग, कमी व्होल्टेज किंवा मुळातच लहान साईझ. घसरणाऱ्या क्लचला जळक्या लायनिंगचा वास येतो आणि तोंडावर निळसर डाग दिसतात. निळं पडलेलं आर्मेचर बहुधा वाकलेलंही असतं, ते परत वापरू नका.

सुटत नाही किंवा उशिरा सुटतो: डायोडचा विषय वर आलाच. त्याशिवाय गॅप फार कमी लागली असेल, पातीची स्प्रिंग तुटली असेल, नाहीतर रिलेचा पॉइंट चिकटला असेल. लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं, गॅप कमी असली की तेवढंही आर्मेचर धरून ठेवायला पुरतं.

कॉईल पुन्हा पुन्हा जळत असेल तर तिसरी कॉईल मागवू नका. व्होल्टेज जास्त आहे का बघा, क्लच बाहेरून तापतोय का बघा, घसरण होतेय का बघा. काही मशीनवर पटकन पकड यावी म्हणून सुरुवातीला क्षणभर जास्त व्होल्टेज देतात आणि मग कमी करतात. ते कार्ड बिघडून जास्त व्होल्टेजवरच अडकलं तर कॉईलचं आयुष्य संपलंच.

त्या वेफर्सच्या मशीनच्या पॅनलच्या दारावर आतून आता एक कार्ड चिकटवलेलं आहे. क्लच आणि ब्रेक, दोघांचे थंड असतानाचे ओहम, चालू असतानाचं व्होल्टेज, गॅप, तारीख. दर महिन्याला एक ओळ. गॅपच्या रकान्यात गेल्या खेपेला ०.४२ लिहिलंय, ०.५ झालं की शिम काढायचे असं खाली लाल पेनाने. तो जुना ऑपरेटर मात्र कार्ड बघत नाही. तो अजून टक ऐकतो.